विद्यापीठाचा खुला आठवडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून एक आठवडा विद्यापीठाची दारं सगळ्यांसाठी उघडी असतात. व्याख्यानं होतात, प्रयोगशाळा दाखवल्या जातात, रात्री दुर्बिणी लागतात, ग्रंथालयातल्या बंद कपाटांमधल्या वस्तू बाहेर येतात. या आठवड्याच्या आधी चौकशीच्या टेबलावर दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात, आणि मी बरीच वर्षं त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो आहे. तेच तेच प्रश्न म्हणून ते किरकोळ मात्र नाहीत. खालच्या पहिल्याच प्रश्नापाशी अडखळून कितीतरी माणसं फाटकातून परत जाताना मी पाहिली आहेत. म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात आधी.

माझं शिक्षण फारसं झालेलं नाही. मी आलो तर चालेल का?

चालेल काय, तुमच्यासाठीच तर हा आठवडा आहे. दारावर कुणी पदवी विचारत नाही, ओळखपत्रावरचा हुद्दा बघत नाही. काही ठिकाणी नाव लिहून घेतात, ते फक्त गर्दीचा अंदाज यावा म्हणून.

तरी ज्यांच्या मनात किंतु असेल त्यांना मी मायकेल फॅरडेची गोष्ट सांगतो. हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. शाळा जेमतेम झालेली. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने ती मन लावून ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती स्वच्छ लिहिली, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं सुमारे ३०० पानांचं पुस्तक बांधून डेव्हींना पाठवलं. पुढच्या वर्षी त्याला तिथेच मदतनीसाची नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करून दाखवली. आज घरोघरी येणारी बहुतेक वीज जनित्रात त्याच तत्त्वावर तयार होते. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानमाला त्याच संस्थेत १८२५ मध्ये त्यानेच सुरू करवली. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ती आजवर चालू आहे.

आलेल्या प्रत्येकाचा फॅरडे होत नाही आणि व्हायला हवा असंही नाही. पण त्या सभागृहात बसायला त्याला कुणी मज्जाव केला नाही, एवढं मला फार मोलाचं वाटतं.

आठवडाभर नक्की काय काय असतं?

प्रत्येक विद्यापीठाचं वेळापत्रक वेगळं, पण सांगाडा बहुधा असा: दिवसा विभागांची दालनं आणि प्रयोगशाळांच्या फेऱ्या, दुपारी कार्यशाळा, संध्याकाळी व्याख्यान किंवा परिसंवाद, रात्री आकाशदर्शन. मधूनमधून नाटक, संगीत, वाचन. आवारातली झाडं आणि पक्षी दाखवणाऱ्या पायी फेऱ्या सकाळी लवकर निघतात. त्यांची माहिती पत्रकात एका ओळीत असते, त्यामुळे बऱ्याच जणांच्या नजरेतून ती सुटते. माझ्या मते आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी ती एक आहे.

मला एकच दिवस जमणार आहे. कोणता निवडू?

आठवड्याच्या मधला कामाचा दिवस, दुपार उलटल्यावर. सकाळी शाळांच्या तुकड्या असतात. त्या गेल्या की दालनांमध्ये निवांतपणा येतो आणि समजावून सांगणाऱ्या मुलामुलींना तुमच्याशी दोन शब्द जास्त बोलता येतात. शेवटच्या दिवशी गर्दी उसळते. तेव्हा बोलणाऱ्यांचे घसे बसलेले असतात, वाटायची माहितीपत्रकंही संपलेली असतात.

दुसरं म्हणजे सगळं बघायचा हट्ट सोडा. दहा विभागांतून भरभर फिरलेला माणूस बाहेर पडताना फक्त दमलेला असतो. दोन विभाग निवडा, तिथे तास-तास घालवा. त्यातला एक तुमच्या ओळखीचा असू द्या आणि दुसरा अगदी अनोळखी.

आकाशदर्शनात खरंच काही दिसतं का? छायाचित्रांसारखं?

छायाचित्रांसारखं नाही, आणि हे आधीच सांगायला हवं, म्हणजे हिरमोड होत नाही. छायाचित्रातल्या तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, रंग कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून मिळवलेले असतात. आपल्या डोळ्याला मंद उजेडात रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक दूरचा समूह, दुर्बिणीतून एखाद्या फिकट, पुसट डागासारखीच दिसते. पण त्या डागाचा प्रकाश तिथून निघाला तेव्हापासून साधारण २५ लाख वर्षं लोटली आहेत. एवढं माहीत असलं की तोच डाग माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी चंद्र, गुरू आणि शनी यांच्यावर भर द्यावा. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नाही. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि सगळा चंद्र सपाट, झगझगीत दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास या. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात, आणि खड्डा हा खड्ड्यासारखा दिसतो. अष्टमीचा चंद्र सूर्य मावळताना आकाशात उंच असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे वेळही सोयीची. आठवड्याच्या तारखा ठरवणाऱ्यांनी आधी पंचांग उघडावं, असं मी दरवर्षी सुचवतो.

गुरूजवळ एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने १६१० मध्ये ते चार चंद्र पाहिले आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला मोठा तडा गेला. शनीची कडी लहान दुर्बिणीतूनही दिसते, मात्र तिचा कल बदलत राहतो. साधारण १५ वर्षांनी एकदा तिची धार आपल्याकडे येते आणि कडी जवळजवळ नाहीशी होते.

आता रांगेबद्दल. दुर्बिणीला मोटर नसेल तर चंद्र दृश्यातून सरकत जातो, कारण पृथ्वी फिरते आहे. चंद्राची रुंदी आकाशात अर्धा अंश, आणि आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. म्हणजे दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. म्हणून दर दोन-तीन माणसांनंतर स्वयंसेवक दुर्बीण पुन्हा लावतो. तेवढं थांबा. नळीला हात टेकू नका, नेत्रिकेला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा चिकटवू नका. मोबाइलचा दिवा लावू नका. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत उजेडात ती मेहनत वाया जाते. वाट दिसण्यासाठी तांबडा दिवा चालतो.

आणि एक कळकळीची विनंती. दिसलं नाही तर "दिसलं नाही" म्हणा. मागे रांग आहे, दाखवणारा उत्साहाने विचारतो आहे, म्हणून नऊवारीतल्या आजींपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे "हो, हो, छान" म्हणून बाजूला होतात. मी आता "दिसलं का?" असं विचारतच नाही. "उजेडाची बाजू कुठली, डावी का उजवी?" असं विचारतो. उत्तर आलं नाही की मला कळतं, मग चष्मा काढायचा का ठेवायचा, डोळा किती अंतरावर धरायचा, हे सावकाश सांगतो. एकदा सात-आठ वर्षांच्या मुलीने चौथ्या प्रयत्नात "अगंबाई, खड्डे!" असं म्हटलं. मागच्या रांगेतलं कुणीही कुरकुरलं नव्हतं.

सूर्य मात्र दुर्बिणीच्या तोंडाला योग्य गाळणी लावलेली असेल तरच, आणि दाखवणारा जवळ उभा असेल तरच बघायचा. क्षणभराची चूक डोळा कायमचा घालवू शकते.

प्रयोगशाळेत कुठली काळजी घ्यायची?

पायात बंद चपला-बूट, लांब केस बांधलेले, लोंबती ओढणी खोचलेली. दाखवणारा हो म्हणेपर्यंत कशालाही हात नाही. खाणंपिणं बाहेर. एवढं सगळीकडे सारखं.

दोन जागा मात्र वेगळ्या. पहिली, जिथे अतिसंवाहक (अतिथंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या तारेचे) चुंबक असतात ती खोली. रेणूंची रचना शोधायच्या यंत्रात असा चुंबक असतो. तो उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेला असतो आणि बटण दाबून बंद करता येत नाही. तो रात्रंदिवस चालूच. जमिनीवर पिवळी किंवा लाल रेघ आखलेली असते. हृदयात पेसमेकर असेल, कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं श्रवणयंत्र असेल, शरीरात धातूचा एखादा तुकडा असेल, तर ती रेघ ओलांडायची नाही. लाजू नका, दारातच सांगा. यंत्र बाहेरून काचेतूनही दाखवता येतं. बाकीच्यांनी किल्ल्या, घड्याळ, चुंबकीय पट्टीची कार्डं बाहेर ठेवावीत.

दुसरी, द्रव नायट्रोजनचं प्रात्यक्षिक. मुलांना ते सगळ्यात जास्त आवडतं: फूल बुडवलं, टेबलावर आपटलं, काचेसारखे तुकडे. तापमान उणे १९६ अंश. पण खरी काळजी थंडीपेक्षा हवेची. या द्रवाचा वायू झाला की तो साधारण ७०० पट जागा व्यापतो आणि खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. म्हणून हे प्रात्यक्षिक नेहमी मोठ्या, हवेशीर जागेत, दारं उघडी ठेवून करतात. लहान कोंदट खोलीत कुणी करत असेल तर तुम्ही बाहेर या आणि आयोजकांना सांगा. पाहुण्याने असं सांगणं आगाऊपणाचं आहे असं कुणी समजत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा प्रयोग असेल तर दारावर सूचना हवीच. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, काही रुग्णांना झटका आणू शकतो.

प्रश्न विचारायला भीड वाटते. चुकीचा प्रश्न विचारला तर?

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतातच. इथे भीड धरणारा रिकाम्या हाताने परततो. पण मला यापुढचं काहीतरी सांगायचं आहे: तुम्ही इथे फक्त घ्यायला येत नाही.

एका वर्षी धातुशास्त्राच्या टेबलावर तुटलेले भाग मांडले होते. दात गेलेली चाकं, दुभंगलेले बोल्ट, मनगटाएवढा जाड एक दांडा. मागे फलकावर आलेख, वर शीर्षक, 'धातूचा थकवा'. समजावणारी मुलगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि आलेखावरून बोट फिरवत ती तयारीने बोलत होती. समोर साठीचे एक काका. बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं, धुऊनही न जाणारं. त्यांनी विचारलं, "हातात घेऊ?" तिने दांडा दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला, तुटलेल्या तोंडावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि म्हणाले, "इथून सुरू झालंय. चावीच्या खाचेचा कोपरा धारदार ठेवलाय बघा. तिथून हळूहळू सरकत आलं, आणि हे खडबडीत दिसतंय ते एका दणक्यात गेलं."

चावीची खाच म्हणजे दांड्यावर चाक पक्कं धरणारी पट्टी जिच्यात बसते ती चर. त्या तोंडावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेषा होत्या, कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या. भार येतो-जातो तशी चीर थोडी थोडी पुढे सरकते, तिचा मुक्काम अशा रेषांतून उमटतो. बराच भाग गुळगुळीत, आणि शेवटचा उरलेला भाग अचानक तुटल्यामुळे दाणेदार. फलकावर हेच लिहिलेलं होतं. काकांनी फलक वाचलाच नव्हता. लेथवर आयुष्य गेलं होतं त्यांचं. मग त्यांनी विचारलं, "खाचेचा कोपरा गोल केला की टिकतं, हे आम्हाला माहितीय. पण किती गोल? त्याचा हिशेब असतो का?" मुलीने खुर्ची ओढली, कागद घेतला, आणि पुढचा पाऊण तास त्या टेबलावर दुसऱ्या कुणाकडे लक्ष गेलं नाही.

या आठवड्याचं सार्थक मला त्या पाऊण तासात दिसतं. तुमच्या कामातून, शेतातून, स्वयंपाकघरातून, आजारपणातून आलेला प्रश्न बरोबर आणा. तो चुकीचा असूच शकत नाही.

व्याख्यान डोक्यावरून गेलं तर काय करू?

पहिली दहा मिनिटं थांबा, तरीही काहीच हाती लागत नसेल तर शांतपणे उठून दुसरीकडे जा. कडेची खुर्ची त्यासाठीच धरायची. समजलं नाही यात दोष बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा असतो. आपल्या सहकाऱ्यांपुढे करायचं भाषण तो सगळ्यांपुढे करत असतो.

तुम्हाला लांब व्याख्यानं झेपत नसतील तर 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा ऐकायला बसा. एक संशोधक, एक स्थिर चित्र, तीन मिनिटं. त्याहून एक सेकंद जास्त झाला तर बाद. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिथे कडक दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोक अंघोळीला तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावत. त्यावरून एका प्राध्यापकांना सुचलं की प्रबंधही तेवढ्यात सांगता यायला हवा. आता ही स्पर्धा जगभर होते. ऐकणाऱ्याला तासाभरात पंधरा-वीस विषयांची चव मिळते, आणि नंतर ज्याचं बोलणं भावलं त्याला बाहेर गाठून बोलता येतं.

लहान मुलांना आणावं का?

जरूर. पाच-सहा वर्षांपुढच्यांना मजा येते. सूक्ष्मदर्शकाशी उंच स्टूल आहे का ते पाहा, नसेल तर मागा. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या दिसतात, पण मुलाचा डोळा नेत्रिकेपर्यंत पोहोचला तर. मुलाच्या वतीने तुम्ही प्रश्न विचारू नका. तो थोडा वेळ गप्प राहील, राहू द्या.

शाळेची तुकडी घेऊन यायची आहे.

आधी नोंदणी करा, ती टाळू नका. एका गटात पंधराच्या वर मुलं नकोत. चाळीस मुलं एका टेबलाभोवती उभी राहिली की पुढच्या आठ जणांनाच दिसतं. दोन दालनं पुरेत. प्रत्येक मुलाने निघण्याआधी वर्गात स्वतःचा एक प्रश्न कागदावर लिहून आणावा. वहीभर माहिती उतरवून घ्यायला लावू नका. मुलं फलकावरचं अक्षर न् अक्षर लिहीत बसतात आणि समोरची वस्तू तशीच राहते.

चाकाची खुर्ची, ऐकण्याची किंवा बघण्याची अडचण असेल तर?

आधी कळवलंत तर सोय चांगली होते. न कळवता आलात तरी हक्काने विचारा.

इथे माझ्याच चुकीतून शिकलेली गोष्ट लिहितो, आयोजकांच्या उपयोगी पडावी म्हणून. एका वर्षी नोंदणीचं टेबल मी प्रवेशद्वारापाशी, सावलीची जागा बघून मांडलं. उताराचा रस्ता त्या टेबलाने अडला होता. पहिल्या दिवशी दुपारी एक बाई खुर्चीवरून आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि काही न बोलता वळायला लागल्या. आम्ही धावत जाऊन टेबल हलवलं, पण त्यांना वळावं लागलं ही सल अजून आहे. तेव्हापासून आठवड्याच्या आदल्या दिवशी आम्ही खुर्ची घेऊन सगळा मार्ग फिरतो. उतार, उद्‌वाहन, स्वच्छतागृह, टेबलांची उंची, सगळं. वाटेत आलेली प्रत्येक कुंडी उचलली जाते.

व्याख्यानांत ध्वनिक्षेपक वापरायचाच, आवाज खणखणीत असला तरी. श्रवणयंत्रं बऱ्याचदा त्याच यंत्रणेला जोडलेली असतात. सभेतून आलेला प्रश्न वक्त्याने पुन्हा मोठ्याने म्हणावा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हाताळता येतील अशा वस्तू ठेवाव्यात: खडक, बिया, हाडांचे साचे, प्राचीन भांड्यांच्या प्रतिकृती. त्या टेबलाभोवती डोळस माणसंच जास्त रेंगाळतात, हा आमचा अनुभव आहे.

सगळं विज्ञानाचंच असतं का? भाषा, इतिहास यांत रस असणाऱ्यांनी काय करावं?

गर्दी विज्ञानाकडे जाते, कारण तिथे धूर आणि ठिणग्या असतात. पण हस्तलिखितांचं दालन चुकवू नका. तिथला उजेड मंद ठेवलेला असतो, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), कारण प्रकाशाने शाई आणि कागद विरत जातात आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बाहेरून आलात की दोन मिनिटं डोळ्यांना द्या. जुना कागद हाताळताना पांढरे हातमोजे घालतात असा समज आहे. बरेच ग्रंथपाल आता स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे म्हणतात, कारण मोज्यात बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. समासातल्या खुणा बघा. कुणीतरी चुकलेलं अक्षर हरताळ हा पिवळा रंग लावून मिटवलेलं, कुणीतरी कडेला आपलं मत लिहिलेलं.

भाषाविभागात बोलीचं ध्वनिमुद्रण चालू असेल तर पाच मिनिटं देऊन जा. तुमच्या घरात वापरला जाणारा, कोशात नसलेला एखादा शब्द तिथे नोंदला जातो.

हे सगळं मोफत का? यात विद्यापीठाचा काय हेतू?

हेतू असतातच: नवे विद्यार्थी यावेत, नाव व्हावं. ते लपवण्यासारखं नाही. पण मूळ विचार जुना आहे. ऑक्सफर्डमधलं अ‍ॅश्मोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी उघडलं. १८७३ मध्ये केंब्रिजने आपले अध्यापक गावोगावी पाठवून, विद्यापीठात येऊ न शकणाऱ्यांसाठी व्याख्यानं सुरू केली. युरोपात २००५ पासून सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी 'संशोधकांची रात्र' होते. संशोधनाचा खर्च बऱ्याच अंशी लोकांच्या करातून चालतो; त्यांना तो हिशेब समोरासमोर मिळायला हवा. प्रवेश घ्या म्हणून कुणी मागे लागलं तर नको म्हणा आणि पुढे चला.

फोटो काढता येतात का? पाऊस आला तर?

फलक आणि वस्तूंचे फोटो, विचारून. हस्तलिखितांवर फ्लॅश नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो नाहीत. पावसात बाहेरचे कार्यक्रम आत हलवतात; आकाशदर्शनाची राखीव तारीख पत्रकाच्या तळाशी छापलेली असते.

मी संशोधक विद्यार्थी आहे. टेबल कसं मांडू?

फलकापासून सुरुवात करू नका, वस्तूपासून करा. विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, मांडायचं असेल तर मेघकक्ष ठेवा. काचेच्या पेटीत अल्कोहोलची वाफ, तळ कोरड्या बर्फावर, कडेने उजेड. मिनिटाभरात पांढऱ्या धाग्यांसारखे माग उमटू लागतात आणि विरतात. मग सांगा की समुद्रसपाटीला दर मिनिटाला दर चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक म्यूऑन, म्हणजे या किरणांमुळे हवेत तयार होणारा कण, येतो, म्हणजे पसरलेल्या तळहातातून सेकंदाला जवळपास एक. लोक पेटीकडे बघतात, मग स्वतःच्या हाताकडे. त्यानंतर ते जे विचारतील तिथून तुमचं बोलणं सुरू होऊ द्या.

पहिल्यांदा समोरच्याला विचारा, "तुम्ही काय करता?" उत्तरात बहुतेक वेळा तुमच्या विषयाचा धागा सापडतो. येत नसेल त्या प्रश्नाला "मला माहीत नाही, पण अमक्यांना माहीत असेल" असं सरळ सांगा. आणि दोघांच्या पाळ्या लावा. सलग सहा तास बोललेला माणूस संध्याकाळी फक्त पाठ केलेलं म्हणत असतो.

आठवडा संपल्यावर पुढे काय?

बरंच काही. अनेक विद्यापीठांत सार्वजनिक व्याख्यानं वर्षभर चालू असतात, फक्त त्यांची जाहिरात होत नाही. सूचनाफलकाला भेट देत राहा. लोकसहभागाने चालणारी संशोधनं आहेत. २००७ मध्ये दीर्घिकांची छायाचित्रं घरबसल्या ओळखण्याचं काम जगभरच्या हौशी लोकांवर सोपवलं गेलं. त्यात हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेने एका चित्रात विचित्र निळसर डाग पाहिला आणि "हे काय?" असं विचारलं. खगोलशास्त्रज्ञांनाही ती वस्तू नवी होती, आणि आज ती तिच्याच नावाने ओळखली जाते.

काही प्रयोग तर आठवड्यात मावतच नाहीत. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात डांबरासारखं पिच ओतलं. हातोडीने फुटणारा हा पदार्थ खरं तर अतिशय घट्ट द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड मोकळं केलं. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले, आणि पहिले आठ पडताना प्रत्यक्ष कुणी पाहिले नाहीत. ती काचेची हंडी लोकांना बघता येईल अशा जागी ठेवलेली आहे.

आणि आमच्याकडे एक वही आहे. ज्या प्रश्नांची उत्तरं टेबलावर मिळाली नाहीत ते त्यात लिहायचे, खाली पत्ता किंवा फोन. आठवडा संपला की आम्ही एकेक प्रश्न त्या त्या विभागाकडे नेतो आणि उत्तर आलं की कळवतो. कधी पंधरा दिवस लागतात, कधी चार महिने. लेथवाल्या काकांनी मागच्या वर्षी आणखी दोन प्रश्न लिहिले, त्यातल्या एकाचं उत्तर अजून द्यायचं आहे. वही चौकशीच्या टेबलावर उजव्या हाताला असते, पेन दोरीने बांधलेलं आहे.